'पैसे कधी देणार' नको, 'जमा कुठे केली' असं विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईच्या नावावर ३ लाख ४० हजारांची मुदत ठेव होती. मार्चमध्ये मुदत संपली. आईंनी पावतीच्या मागे सही करून ती काउंटरवर दिली आणि त्याच शाखेतल्या बचत खात्यात रक्कम जमा करायला सांगितली. ठेव बंद झाली, पण बचत खात्यात पैसे आलेच नाहीत. शाखेत गेलं की "आमच्याकडून क्लोज झालीय, क्रेडिट दिसतंय" किंवा "वरती मेल केलाय" यापलीकडे उत्तर नाही. पाच महिने गेले, मधे शाखाधिकारी बदलले, हातात फक्त पावतीची झेरॉक्स आहे. वकील करावा, पोलिसात जावं, की पैसे बुडाले असं समजावं?

ताई, पैसे बुडालेले नाहीत. वकील आणि पोलीस, दोन्ही आत्ता नकोत. मी बँकेत उभी नोकरी काढली, आणि त्यातली बरीच वर्षं ताळमेळ विभागात, म्हणजे सगळ्या शाखांच्या न जुळलेल्या नोंदी शेवटी जिथे येऊन पडतात तिथे. तिथे बसल्यावर एक गोष्ट पक्की कळते: ग्राहक शाखेत जाऊन "पैसे कधी देणार?" विचारतो, आणि त्या प्रश्नाला "लवकरच" हे उत्तर कायम तयार असतं. तुम्ही विचारायचं ते वेगळं. "ठेव बंद करताना रक्कम नावे पडली, म्हणजे ठेव खात्यातून वजा झाली, तर जमा कुठल्या खात्यात पडली?" याला "लवकरच" असं उत्तर देता येत नाही.

कारण बँकेची दिवसाची किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, जुळल्याशिवाय दिवस बंद होत नाही. पूर्वी खतावणी, म्हणजे खातेवही, हाताने जुळवायचो तेव्हा पाच रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत अख्खी शाखा बसायची. आता ते संगणक करतो, आणि दोन्ही बाजू सारख्या नसतील तर तो व्यवहारच पुढे सरकू देत नाही. म्हणजे आईंच्या ठेव खात्याला रक्कम नावे पडली त्याच क्षणी तेवढीच रक्कम कुठल्यातरी खात्यात जमा पडलेली आहे. त्या व्यवहाराला क्रमांक आहे, तारीख आहे, नोंद करणाऱ्याचा आणि ती मंजूर करणाऱ्याचा, अशा दोघांचे युजर आयडी आहेत. शाखेतल्या कुठल्याही अधिकाऱ्याला हे पडद्यावर बघायला चहा निवायच्या आत जमतं. पाच महिने लागतात ते शोधायला नाही, तर "ही जबाबदारी माझी" असं म्हणायला कोणी तयार नसतं म्हणून.

मग ती रक्कम कुठे असू शकते? माझ्या अंदाजाने पहिली शक्यता अशी की ती शाखेच्याच एखाद्या ऑफिस खात्यात पडून आहे. त्याला कोणी संड्री म्हणतं, कोणी सस्पेन्स, जुने लोक संकीर्ण म्हणतात. बचत खात्याचं केवायसी अद्ययावत नसल्यामुळे खातं गोठलेलं असतं, किंवा दोन वर्षांत खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार न केल्याने ते निष्क्रिय झालेलं असतं. अशा खात्यात जमा करताना कधी कधी अडथळा येतो, काउंटरवरच्या माणसाला ठेव तर आजच बंद करायची असते, मग तो रक्कम तात्पुरती ऑफिस खात्यात ठेवतो आणि "ग्राहक आला की करू" म्हणतो. ग्राहक येतो तेव्हा त्या खुर्चीवर दुसराच माणूस असतो. बँकांच्या विलीनीकरणातही असंच झालं. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, सहकारी बँकांची विलीनीकरणं तर त्याआधीपासून चालू आहेत. जुन्या ठेवीला जोडलेला खाते क्रमांक जुनाच राहिला की मुदत संपताना रक्कम अशीच अधांतरी राहते.

दुसरी शक्यता, ठेव बंद होऊन त्याच रकमेची नवी ठेव उघडली गेली. आपोआप नूतनीकरणाची खूण मूळ अर्जावर राहून गेलेली असते, आणि "क्लोज झालीय" हे शाखेचं म्हणणं अर्धं खरं ठरतं. आईंच्या ग्राहक क्रमांकाखालची सगळी खाती दाखवा म्हणा, म्हणजे हे लगेच उघड होईल.

तिसरी शक्यता लोकांच्या डोक्यातच येत नाही. शाखेने रकमेची पे ऑर्डर, म्हणजे बँकेचा स्वतःचा चेक, काढली आणि ती न्यायला कोणी आलंच नाही. तीन महिन्यांनी तिची मुदत संपते आणि ती टेबलाच्या खणात पडून राहते. वही-पेनाच्या जमान्यातली गोष्ट वाटेल, पण अजूनही घडते.

चौथी शक्यता जरा अवघड आहे. आई कधी कुणाला जामीन राहिल्या होत्या का, हे त्यांना शांतपणे, एकटं गाठून विचारा. भावाच्या ट्रॅक्टरला, शेजाऱ्याच्या दुकानाला, कुणालाही. आपल्याकडे जामीनदाराची सही ही "फक्त नावापुरती" म्हणून घेतली जाते आणि बायका घरात सांगतही नाहीत. कर्ज थकलं की बँक जामीनदाराची ठेव त्यात वळती करते. तसं झालं असेल तर पैसे हरवलेले नाहीत आणि हा वादच वेगळा आहे: बँकेने आधी लेखी कळवलं होतं का, कर्जात वळती करण्याचा अधिकार कुठल्या कागदाने मिळाला, ठेव दोन नावांवर असेल तर एकट्याच्या देण्यापोटी ती कशी घेतली. हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचा रस्ता निराळा आहे. म्हणून आधीच खात्री करून घ्या.

पाचवी, रक्कम दुसऱ्याच कुणाच्या खात्यात गेली. त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

एक मात्र झालं नसणार. "रोख दिली असेल, आजींना आठवत नसेल" असं कोणी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबवा. २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेची मुदत ठेव बँकेला रोखीने परत करता येत नाही. आयकर कायद्याचा तो जुना नियम आहे. रक्कम खात्यात जमा करावी लागते किंवा खात्यातच जमा होईल असा चेक-ड्राफ्ट द्यावा लागतो. म्हणजे कागद निघालाच पाहिजे.

आता कागदपत्रांचं. मूळ पावती परत गेली याचं फार वाईट वाटून घेऊ नका. ठेव मोडताना ती द्यावीच लागते, आणि मागची सही हा बँकेच्या दृष्टीने "रक्कम पावली" असा पुरावा असतो. पण त्याच सहीच्या वर आईंनी बचत खात्यात जमा करण्याची सूचना लिहिली असेल, तर तीच पावती तुमचीही साक्षीदार होते. ती बँकेच्या त्या दिवसाच्या व्हाउचरच्या, म्हणजे व्यवहारामागच्या कागदांच्या, गठ्ठ्यात आहे. बँकांनी खतावण्या आणि व्हाउचर आठ वर्षं जपून ठेवायची असा १९८५ चा नियम आहे, त्यामुळे "जुनं आहे, सापडत नाही" हे उत्तर पाच महिन्यांपूर्वीच्या कागदाला चालत नाही. खात्याचा साधा उतारा घेऊन येऊ नका, बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टखाली प्रमाणित केलेली प्रत मागा. १८९१ चा कायदा आहे, आणि त्याखालची प्रत कोर्टात मूळ वहीइतकीच चालते. ते नाव अर्जात आलं की समोरचा माणूस जरा सरळ बसतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

आणखी एक पुरावा तुमच्या घरातच आहे. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आईंच्या पॅनने लॉगिन करून वार्षिक माहिती पत्रक आणि फॉर्म २६एएस काढा. ठेवीवर व्याज किती दिलं, कर कापला का, हे बँकेने स्वतः सरकारला कळवलेलं असतं. पावती हरवलेली असली तरी ठेव होती हे या कागदावरून दिसतं. आणि उलटंही: वर्षानुवर्षं ठेव असून व्याजाची एकही ओळ तिथे नसेल, तर कान टवकारा. पावती बँकेच्या पुस्तकात चढलीच नव्हती, अशी शंका घ्यायला तिथे जागा आहे.

यानंतर अर्ज. तोंडी काही नको, ईमेलवर भागवू नका, कागदावर लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. मराठीत लिहिलं तरी चालतं. अर्ज आईंच्या सहीचा हवा. तुम्ही जाणार असाल तर त्यांचं अधिकारपत्र सोबत न्या, नाहीतर ग्राहकाची गोपनीयता हे कारण सांगून तुम्हाला परत पाठवतील, आणि त्यात ते चूकही नसतील. मजकूर असा ठेवा:

"माझी मुदत ठेव क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी देय झाली. ठेव बंद झाल्याचे शाखेने तोंडी सांगितले, परंतु रक्कम माझ्या बचत खाते क्रमांक अमुकमध्ये आजपर्यंत जमा झालेली नाही. तरी पुढील माहिती लेखी द्यावी. ठेव बंद केल्याच्या व्यवहाराचा क्रमांक व दिनांक. त्या व्यवहारात रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली, त्या खात्याचा प्रकार. ती तेथे का जमा केली आणि कोणाच्या सूचनेवरून. त्या दिवसाच्या व्हाउचरची व पावतीच्या दोन्ही बाजूंची प्रमाणित प्रत. रक्कम देय तारखेपासूनच्या व्याजासह माझ्या बचत खात्यात जमा करावी. हा अर्ज तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा."

शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. शिक्का मारलेला अर्ज आणि नोंदवलेली तक्रार या बँकेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. अर्ज फाइलला लागतो. तक्रार नोंदवली की तिला वय लागतं, आणि ते वय दर आठवड्याला वरच्या कार्यालयाच्या यादीत दिसतं. पुढच्या सगळ्या मुदती याच तारखेपासून मोजल्या जातात.

अर्जात पाच महिन्यांचे हेलपाटे, कोण कसं बोललं, आईंना किती त्रास झाला, हे घालू नका. समजू शकतो, पण त्यात आपला मुख्य प्रश्न बुडतो आणि उत्तर देणाऱ्याला "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढं लिहून सुटता येतं. आणि काउंटरवरच्या पोरावर चिडू नका. बदलून आलेल्या शाखाधिकाऱ्याला जुन्या नोंदीचा डाग आपल्या नावावर नको असतो, हे ओळखून त्याच्याशी बोला. "साहेब, ही तुमच्या आधीची नोंद आहे, तुम्ही फक्त कुठे आहे ते शोधून द्या" असं म्हटलं की बरेच जण मदत करतात. ऑफिस खात्यात जुनी रक्कम पडून राहणं ऑडिटमध्ये त्यालाही नडतंच.

बँक सरकारी असेल तर सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाकून ठेवा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. स्वतःच्या खात्याची माहिती मागायला अडचण नसते. खाजगी बँकेला हे लागू नाही.

आता रक्कम दुसऱ्याच्या खात्यात गेली असेल तर. एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएसमध्ये रक्कम जमा होते ती फक्त खाते क्रमांकावर. नाव जुळतं का, हे बघायचं बंधन रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच काढून टाकलं होतं. अलीकडे, एप्रिल २०२५ पासून, एनईएफटी-आरटीजीएस करताना पाठवणाऱ्याला समोरच्याचं नाव आधी दिसण्याची सोय करायला लावली. तरी ते नाव न बघता पुढे गेलं आणि एक आकडा चुकला, की पैसे अनोळखी माणसाच्या खात्यात. इथे सगळा प्रश्न आकडा कोणी चुकवला याचा आहे. तुम्ही मोबाइलवरून चुकवला असेल, तर बँक समोरच्याच्या बँकेला कळवते, त्याची संमती मागते, आणि त्याने नाही म्हटलं तर बँकेचे हात बांधलेले असतात. मग करार कायद्याचं कलम ७२ धरून, चुकून मिळालेले पैसे परत करणं बंधनकारक आहे म्हणून, त्याच्यावर दावा करावा लागतो. माणूस मुद्दाम दाबून बसला असेल तर फौजदारी बाजूही आहे.

पण आकडा बँकेच्या माणसाने चुकवला असेल, आणि तुमच्या प्रकरणात चुकला असेल तर त्यांनीच चुकवलाय, तर समोरचा देतो की नाही ही तुमची डोकेदुखीच नाही. तुम्ही बँकेकडे ठेव ठेवलीत तेव्हा ते पैसे कायद्याने बँकेचे झाले आणि बँक तुमची ऋणको, म्हणजे देणेकरी, झाली. इंग्लंडमध्ये १८४८ पासून हे ठरलेलं आहे आणि आपली न्यायालयंही तेच धरून चालतात. म्हणजे बँकेने ३ लाख ४० हजार भलत्याला दिले असतील तर ते तिने स्वतःचे दिले. तुमचं देणं जसंच्या तसं उभं आहे. "त्या खातेदाराकडून वसूल झाले की तुम्हाला देतो" हे वाक्य फार ऐकायला मिळतं आणि ते साफ चुकीचं आहे. लेखी उत्तरात आलं तर मात्र जपून ठेवा, कारण त्यात चूक आपली आहे अशी कबुली आलेली असते.

बँकेचे स्वतःचे पैसे चुकीच्या जागी गेले की ती किती चपळ होते, तेही जाता जाता सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, आयएमपीएसच्या तांत्रिक घोटाळ्यात यूको बँकेच्या ४१ हजारांहून अधिक खात्यांत मिळून सुमारे ८२० कोटी रुपये जमा झाले, समोरच्या बँकांकडून प्रत्यक्षात पैसे आलेलेच नसताना. आठवडा उलटायच्या आत बँकेने ६४९ कोटी परत मिळवले होते आणि उरलेल्यासाठी प्रकरण सीबीआयपर्यंत गेलं. ताळमेळाचं काम मनावर घेतलं तर ते असं होतं.

एटीएम आणि यूपीआयचं तुम्ही विचारलेलं नाही, पण अशा वेळी घरातलं तेही एखादं प्रकरण निघतंच, म्हणून दोन ओळी. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदती ठरवून दिल्यात. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत. यूपीआय किंवा आयएमपीएसने पाठवलेले समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत तर १ दिवसात; दुकानदाराला यूपीआयने दिलेले अडकले तर ५ दिवस. त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. न मागता देताना मी फारसं कुणाला पाहिलेलं नाही, तेव्हा मागा. एटीएमच्या तक्रारीत मशीनचा जर्नल लॉग (मशीनने स्वतः ठेवलेली व्यवहारांची नोंद), त्या दिवशी मशीनमध्ये जादा निघालेली रोकड आणि सीसीटीव्हीचं चित्रण, या तिन्हींचा उल्लेख पहिल्याच अर्जात करा. चित्रण कायम ठेवत नाहीत.

आता नको असलेली शक्यता. शाखेने लेखी उत्तर द्यायचं टाळलं, किंवा उत्तरात व्यवहार क्रमांकच नसला, किंवा रक्कम एखाद्या कर्मचाऱ्याच्या ओळखीच्या खात्यात गेलेली दिसली, तर ही विसरभोळेपणाची गोष्ट राहत नाही. मग क्षेत्रीय कार्यालयाच्या दक्षता विभागाला आणि पोलिसांना, दोन्हीकडे लेखी द्या. तिथे बँक एक बचाव हमखास घेते: "तो त्या कर्मचाऱ्याचा वैयक्तिक गुन्हा, आमचा संबंध नाही." यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल माहीत असलेले बरे, कारण ते दोन्ही दिशांनी कापतात.

१९७८ च्या निकालात ठेवीदार बाईंनी रक्कम आणि चेक ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याच्या हातात दिले होते, काउंटरवर नाही, पावती न घेता. त्याने अफरातफर केली. न्यायालय म्हणालं, तो त्या वेळी बँकेचं काम करत नव्हता, बाईंचा माणूस म्हणून वागत होता. बँक जबाबदार नाही. म्हणून घरी येऊन भरणा घेऊन जाणाऱ्या ओळखीच्या साहेबांच्या हाती पैसे देऊ नका, कितीही भला असला तरी. आईंनी पावती काउंटरवर, कामाच्या वेळेत दिली. तुमची बाजू इथे भक्कम आहे.

दुसरा १९८७ चा, कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन. कंपनीच्या हिशेबनिसाने खोट्या सह्या करून ४२ चेक वटवले होते, काही वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. बँक म्हणाली, तुमचं पासबुक तुम्ही तपासलं नाही, आता ओरडून काय उपयोग. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. खोट्या सहीचा चेक म्हणजे बँकेला पैसे द्यायचा हुकूमच नाही, आणि पासबुक बघितलं नाही एवढ्यावरून ग्राहकाचा हक्क जात नाही. तुम्हाला कोणी "पाच महिने झोपला होतात का" विचारलं, तर हा निकाल आठवा. अर्थात पासबुक भरून घेत जा.

शाखेच्या पुढची पायरी म्हणजे क्षेत्रीय कार्यालय, मग मुख्य कार्यालयातला तक्रार निवारणाचा नोडल अधिकारी. पण मी सगळ्या पायऱ्या एकेक करून चढायच्या मताचा नाही. तक्रार क्रमांक मिळाला, ३० दिवस गेले, उत्तर नाही किंवा पटणारं नाही, की थेट रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आली, तेव्हापासून कुठल्या शहरातला लोकपाल हा प्रश्न उरलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार भरा, नाहीतर कागदावर लिहून तिच्या चंदीगडच्या केंद्राकडे पाठवा. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही. तुम्ही आईंच्या प्रतिनिधी म्हणून तक्रार करू शकता, वकील मात्र त्यांच्या वतीने करू शकत नाही, म्हणून सुरुवातीलाच वकील नको म्हणालो. वादातल्या रकमेला मर्यादा ठेवलेली नाही; नुकसानभरपाईला आहे, आणि २०२१ मध्ये ती २० लाख ठेवली होती, म्हणजे तुमचं प्रकरण तिच्या खूप आत आहे. २०२१ च्या योजनेत वर्षभराची मुदत होती, तरी उशीर न करता जा. आणि एकच विषय एकाच वेळी लोकपालाकडे आणि कोर्टात नेऊ नका, लोकपाल तक्रार बंद करतो.

लोकपालाचं पत्र बँकेला गेलं की काय होतं ते मी आतून बघितलंय. जी नोंद पाच महिने "वरती" अडकलेली असते, ती दोन दिवसांत सापडते. कारण तोपर्यंत प्रश्न शाखेचा असतो, त्यानंतर मुख्य कार्यालयातल्या कोणालातरी त्यावर स्वतःच्या सहीने उत्तर द्यायचं असतं.

लोकपालाकडून समाधान झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, स्वतः उभं राहून बोलता येतं, ऑनलाइन दाखल करता येतं. मुदत दोन वर्षांची. मात्र निकालाला वेळ लागतो. तुमचे पैसे बँकेत नसून पतसंस्थेत असते, तर यातला लोकपालाचा रस्ता बंद असता. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथे सहकार खात्याचे निबंधक; आणि ५ लाखांचा ठेव विमाही तिथे नाही. लोक नावात 'बँकेसारखं' काही दिसलं की गफलत करतात, म्हणून लिहिलं.

दावा करायची मुदत संपेल, ही भीती तुमच्या प्रश्नात जाणवली. मागता क्षणी द्यायच्या ठेवीच्या बाबतीत दिवाणी दाव्याची तीन वर्षं पैसे ठेवल्यापासून नाही, तर तुम्ही मागणी केल्यापासून मोजतात. म्हणूनच मागणी लेखी आणि तारखेची हवी. दहा वर्षं कुणी विचारलंच नाही तर बँक रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीकडे पाठवते, पण तरीही हक्क संपत नाही. मूळ बँकेकडे दावा करून ती परत मिळते. घरात आजोबांच्या नावाची जुनी पासबुकं असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून बघायला हरकत नाही. अनेक बँकांमधल्या अशा बेवारस ठेवींची यादी तिथे एकत्र आहे.

आता व्याज. इथे माणसं थकून सोडून देतात आणि बँक तेच गृहीत धरून असते. मुद्दल एक दिवस अचानक जमा होईल, शाखेतून फोन येईल, "झालं हो तुमचं काम," आणि समोर एक कागद ठेवतील की तक्रार पूर्ण मिटली, काही मागणी नाही. तो कागद तिथे सही करू नका. घरी आणा. पासबुक भरून घ्या आणि नोंदीची व्हॅल्यू डेट, म्हणजे व्याज ज्या तारखेपासून धरतात ती तारीख, बघा. रक्कम आजच्या तारखेने जमा केली असेल तर मधल्या महिन्यांचं व्याज बँकेच्या खिशात राहिलं. मार्चची तारीख लावून जमा केली तर बचतीच्या दराने व्याज आपोआप बसतं. बँक तुम्हाला सांगेल की मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीला बचतीचा किंवा ठेवीचा, जो कमी तो दर, असा २०२१ चा नियम आहे. नियम खरा आहे, पण तो ग्राहकाने न नेलेल्या ठेवीसाठी आहे. आईंनी मुदत संपल्यावर पावती सही करून दिली होती, रक्कम बँकेने अडकवली. म्हणून बचतीच्या दरावर थांबू नका, आईंनी ती पुन्हा ठेवली असती तर ज्येष्ठ नागरिकाचा जो दर मिळाला असता तो मागा, आणि बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या भरपाई धोरणाची प्रत मागा. ते धोरण प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर असतं. त्यात चुकीच्या नोंदीबद्दल काय द्यायचं हे त्यांनीच लिहून ठेवलेलं आहे. शाखेत ते वाचलेला माणूस भेटेलच असं नाही.

सहीच करावी लागली तर "मुद्दल मिळाले, व्याजाची मागणी कायम" एवढे शब्द स्वतःच्या अक्षरात वर लिहून मग करा, आणि त्याची झेरॉक्स घ्या. उद्या शाखेत जाल तेव्हा आईंचं आधार, पॅन आणि दोन फोटो सोबत असू द्या. खातं नुसत्या केवायसीसाठी गोठलं असेल, तर अर्जावर आवक शिक्का घेतल्यानंतर केवायसीचा फॉर्मही तिथेच भरून द्या. शिक्का आधी, फॉर्म नंतर. नाहीतर "केवायसी आजच दिलंय, म्हणजे उशीर तुमच्याकडूनच" असं उत्तर पुढच्या पत्रात येईल.